दोरीवरच्या पिशव्या

गेल्या श्रावणात दोन दिवस माहेरी भांगलणीला गेले होते. माहेर बेळगावजवळच्या येळ्ळूरचं, शेत नाल्याच्या अंगाला. भात गुडघ्याएवढं झालं होतं, पावसानं उघडीप दिली होती, आणि वहिनी, मी, शेजारच्या दोघी अशा चौघी पात धरून चाललो होतो. मध्येच माझं खुरपं अडकलं. गवताची मुळी असेल म्हणून जोर लावला, तर मातीतून पिशवी वर आली.

अर्धी मातीच्या वर होती, अर्धी आत. वरचा भाग हातात धरताच पापडासारखा मोडला. त्याचे नखाएवढे, नखाहून लहान तुकडे चिखलात पडले. ते वेचायला वाकले, पण चिमटीत धरला की प्रत्येक तुकडा आणखी मोडायचा. शेवटी तिथंच राहिले ते. उन्हानं प्लास्टिक असं ठिसूळ होतं. संपत मात्र नाही, फक्त बारीक होत जातं. मातीत गाडलेल्या भागाला ऊनच लागलं नव्हतं, त्यामुळे तो शाबूत होता. सरीतल्या पाण्यात खळबळून घेतला आणि लाल अक्षरं दिसली. खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं नाव, खाली फोन नंबर. नंबर सहा आकडी.

आमच्याकडचे फोन नंबर सात आकडी होऊन वीस वर्षांवर झाली. ते दुकानही आता नाही. 1999 साली माझ्या लग्नाचा बस्ता त्याच दुकानात बांधला होता. सासरची दहा माणसं, आमची बारा, दुपारी चहा, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात तसलीच लाल अक्षरांची पिशवी. त्या वेळी ती पिशवी हातात असणं म्हणजे मोठी मिरवण्याची गोष्ट होती.

शेतात सापडलेली पिशवी माझीच होती असं मी म्हणत नाही. तसल्या हजारो पिशव्या त्या दुकानानं वाटल्या असतील. पण तिच्या दोन्ही बंदांना एक गाठ मारलेली होती, आणि ती गाठ मी ओळखली. उरलंसुरलं अन्न, भाजीचे देठ, शेंगांची टरफलं पिशवीत कोंबायची, हवा दाबून काढायची, बंद दोनदा फिरवायचे आणि निरगाठ मारायची. सुरगाठ नव्हे, सुरगाठ सुटते, मग कुत्री ओढतात. मी पंचवीस वर्षं रोज सकाळी हीच गाठ मारत आलेय. त्या पिशवीत कुणी काय भरलं होतं त्याची माती होऊन गेली होती. गाठ तेवढी राहिली होती.

"सोडा की वन्सं," वहिनी म्हणाली. "वर्षाला दोन पोती निघतात असली. बांधावर टाका, मग बघू."

दोन पोती. माझ्या भावाच्या सव्वा एकरातून.

त्या नाल्याला बळ्ळारी नाला म्हणतात. अनगोळ, शहापूर, वडगावच्या शिवारातून तो पुढं हलग्याकडे जातो. शहराच्या या भागातलं पावसाचं पाणी त्यालाच मिळतं, आणि नुसतं पाणीच मिळतं असं नाही. पात्रात गाळ साठलेला, त्यावर जलपर्णी, त्यात अडकलेल्या पिशव्या आणि बाटल्या. चार दिवस लागून पाऊस झाला की पाण्याला पुढं जायला वाट राहत नाही, ते शिवारात पसरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर सगळं शिवार तळं झालं होतं. पाणी ओसरल्यावर दादानं फोन केला तेव्हा तो भाताचं काही बोललाच नाही. म्हणाला, "बांधावरच्या बाभळीला बघ ये, पताका लावल्यागत दिसतंय."

याच शिवारातल्या बासमतीच्या वासावरून बेळगावचं नाव घेतलं जायचं. आमच्या लहानपणी एका घरात भात शिजला की गल्लीत कळायचं. भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरायची, आणि ही मसूर पाहुण्यारावळ्यांना पायलीनं पाठवली जायची. आता मसूर पेरताना दादा आधी प्लास्टिक वेचतो. बियाण्यावर पिशवीचा तुकडा आला तर कोंब वर येत नाही, तुकड्याखाली आलं तर मूळ खाली जात नाही, आणि पाणी तर जिथल्या तिथं थांबून राहतं. ही त्यानं कुठं वाचलेली गोष्ट नाही. वाफ्यात मोकळी पडलेली जागा उकरली की हातात काय येतं, ते त्यानं पाहिलंय.

मी वडगावात राहते. माझ्या घरापासून नाला चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं मी "कचरा बाहेर टाकून आले" असं म्हणत होते. ते बाहेर म्हणजे माझ्याच भावाचं शेत होतं, हे त्या दिवशी हातातली पिशवी बघेपर्यंत मला सुचलं नव्हतं.

परत आल्यावर मी एकच गोष्ट केली. मागच्या परड्यात एक रिकामं पोतं ठेवलं आणि घरात सांगितलं, आठ दिवस प्लास्टिकचं काहीही टाकायचं झालं तर यात टाका. कुणी बदलायचं नाही, काही कमी वापरायचं नाही. जसं चाललंय तसं चालू दे. मला फक्त बघायचं होतं.

चार माणसांचं घर आमचं. मी, हे, मुलगा आणि सासूबाई. आठव्या दिवशी पोतं परड्यात उपडं केलं आणि पाटावर बसून एकेक वस्तू बाजूला काढत गेले. दुधाच्या सोळा पिशव्या. दह्याच्या तीन. तेलाची एक. शॅम्पूच्या पुड्या अकरा. बाटली महाग पडते म्हणून पुडी घ्यायची सवय, आणि पुडीत उरलेलं चौथाई शॅम्पू पाण्याबरोबर मोरीत. बिस्किटांची, चिप्सची, मसाल्यांची चकचकीत पाकिटं मोजायचा कंटाळा येईपर्यंत. औषधांच्या गोळ्यांची रिकामी पानं, सगळी सासूबाईंची. रविवारी मुलानं मागवलेल्या बिर्याणीचे काळे डबे, त्यांची झाकणं, रायत्याची डबी, चमचे, आणि हे सगळं ज्यातून आलं ती पिशवी. कुरिअरच्या एका पुडक्यातून आलेला फुग्याफुग्यांचा कागद, त्यात गुंडाळलेला मोबाईलचा चार्जर, तोही आणखी एका पिशवीत.

मी स्वतःला काटकसरी समजत होते. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणारी, शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी बाई मी. परड्यातला तो ढीग माझ्याच घरातून निघाला होता आणि त्यात पाहुण्यांचं काहीही नव्हतं.

शनिवारी भंगारवाला आला. गेली कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत येणारा माणूस, कन्नड आणि मराठी दोन्ही एका वाक्यात बोलणारा. त्याच्यापुढं सगळं मांडलं. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचा कॅन त्यानं लगेच घेतले. दुधाच्या पिशव्या हुंगून बघितल्या आणि म्हणाला, "धुऊन वाळवून दे अक्का, मग घेतो." चिप्सचं पाकीट उचलून कानाजवळ नेलं, मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडली. पाकीट कडकड वाजत पुन्हा उलगडलं.

"वाजतंय ते बेडा, नको. ह्याला कोण घेत नाही."

त्या माणसानं मला जे शिकवलं ते नंतर वाचून नीट कळलं. दुधाची पिशवी एकाच जातीच्या, पॉलिथीनच्या मऊ प्लास्टिकची असते. ती वितळवून तिचे दाणे करता येतात. चकचकीत पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन वेगवेगळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो. चिप्स कुरकुरीत राहतात ते त्यामुळंच. हे थर एकमेकांपासून सोडवणं जवळपास अशक्य आणि परवडणारं तर नाहीच. म्हणून ते पाकीट भंगारात जात नाही. ते तुरमुरीच्या कचरा डेपोवर जातं, नाहीतर नाल्यात, नाहीतर चुलीत.

चुलीचं मला सांगायलाच हवं. आमच्या न्हाणीत अजून चूल आहे. गिझर आहे, पण सासूबाईंना चुलीवरच्या हंड्यातलंच पाणी लागतं, आणि पावसाळ्यात लाकडं ओली असली की पेटवण म्हणून मी कित्येक वर्षं प्लास्टिकच घालत आलेय. एक पाकीट टाकलं की भप्पकन जाळ होतो. मुलगा लहान असताना न्हाणीच्या दारात उभा राहून "आई, निळा जाळ!" म्हणून टाळ्या वाजवायचा. त्याच दारात उभा राहून तो तो धूर घेत होता. चुलीच्या मंद आचेत प्लास्टिक पुरतं जळत नाही, अर्धवट जळून विषारी वायू सोडतं. पीव्हीसीसारख्या क्लोरीन असलेल्या प्लास्टिकमधून तर डायॉक्झिन नावाची विषारी रसायनं निघतात, आणि ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतात. त्याला दर पावसाळ्यात खोकला व्हायचा. हवा मानवत नाही, असं आम्ही म्हणायचो. त्याचा खोकला धुरानंच होता की नाही हे कुणी सांगू शकणार नाही, पण त्या दारातून मी त्याला हलवलं नाही हे खरं आहे, आणि ते आठवलं की अजून घशाशी येतं.

राखेचंही तेच. पूर्वी याच चुलीच्या राखेनं भांडी घासायची, उरलेली राख अळवाला घालायची. नंतर राखेत काळे मणी सापडायला लागले, वितळून गोठलेल्या प्लास्टिकचे. त्यांनी तव्याला चरे पडायचे. आम्ही राख वापरणं सोडलं आणि भांड्यांसाठी साबण आणला. प्लास्टिकच्या डबीतला.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्तींची एक सवय होती. माझं नवीन लग्न झालं तेव्हा त्या दुधाची पिशवी कधी टाकायच्या नाहीत. कात्रीनं एक बारीक चीर द्यायची, कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, दूध ओतून झालं की पिशवी उलटी करून धुवायची आणि परड्यातल्या दोरीवर चिमट्यानं अडकवायची. दहा-बारा पिशव्या दोरीवर वाऱ्यानं फडफडत असायच्या. महिन्याकाठी त्यांचे दहा-पंधरा रुपये यायचे, ते आत्ती देवापुढच्या डबीत टाकायच्या. डबीतल्या पैशाची शेंगदाण्याची चिक्की यायची.

मला त्या दोरीची लाज वाटायची. माझ्या नोकरी करणाऱ्या मैत्रिणी घरी यायच्या, परड्याकडे बघायच्या. एकदा कुणीतरी हसून विचारलं, "हे काय गं, पताका?" त्या संध्याकाळी मी आत्तींना म्हणाले, "आत्ती, दहा रुपयांसाठी कशाला हे? बरं दिसत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोरीवर नुसते चिमटे होते.

पुढं 2019 ला दादानं फोनवर पताका म्हटलं, तेव्हाही मला ही दोरी आठवली नव्हती. परड्यात पोतं उपडं करून बसले तेव्हा आठवली.

कोपऱ्याची गोष्ट तर आणखी उशिरा कळली. आपण दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतो, तो त्रिकोणी तुकडा एवढासा असतो की भंगारात वेगळा काढता येत नाही. कुठं पडला ते कापणाऱ्यालाही कळत नाही. घरात रोज दोन पिशव्या धरल्या तर वर्षाचे 730 कोपरे. आत्ती चीर का द्यायच्या ते मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुकडा वळचणीला पडतोय, कोंबडी गिळतीया." त्यांना कोंबडी दिसत होती.

कायद्याबद्दल थोडं. आमच्याकडे कर्नाटकात मार्च 2016 मध्येच पिशव्या, प्लास्टिकचे कप, ताटं, चमचे यांवर बंदी आली. शिनोळीपलीकडे, महाराष्ट्रात, ती मार्च 2018 मध्ये आली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी वस्तू देशभर बंद झाल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी पिशवीची जाडी किमान 120 मायक्रॉन हवी असा नियम लागू झाला. आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज यावा. बंदी हवीच, तिनं फरकही पडतो. पण गणपत गल्लीत दंडाच्या भीतीनं कोथिंबीरवाली मावशी पिशवी पदराखाली लपवते, आणि तिच्या समोरच्याच दुकानात चकचकीत पाकिटांच्या माळा उघड्यावर लटकत असतात, हे मला पटत नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांतच उत्पादकांवर त्यांचं वेष्टण परत गोळा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ती जबाबदारी माझ्या दारापर्यंत आलेली मी पाहिली नाही. माझ्या दारापर्यंत फक्त भंगारवाला येतो, सायकल ढकलत.

आणि तो जे नेत नाही त्याचं गणित फार मोठं आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे 2015 पर्यंत जगात 830 कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं, त्यातलं 630 कोटी टन कचरा झालं, आणि त्या कचऱ्यातलं फक्त 9 टक्के पुन्हा वापरात आलं. 12 टक्के जाळलं गेलं. बाकीचं कुठं ना कुठं आहेच. 2022 साली नेदरलँड्समध्ये 22 जणांचं रक्त तपासलं, तर 17 जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर येळ्ळूरच्या चिखलात पडलेले, मला न वेचता आलेले ते तुकडे आले.

मी काय बदललं ते सांगण्यासारखं फार नाही. बाजाराला जाताना पाच पिशव्या असतात, सगळ्या आत्तींच्या जुन्या साड्यांच्या. आमच्या वडगाव-शहापुरात मागांचा खडखडाट अजून पुरता थांबलेला नाही, इथल्या मागावरची सुती साडी फाटता फाटत नाही. नवी कापडी पिशवी विकत आणणं मात्र मी सोडलं. कापसाला पाणी लागतं, रंगाला पाणी लागतं. चार समारंभांत मिळालेल्या चार कापडी पिशव्या कपाटात पडून असतील तर त्यांनीही काही भलं होत नाही. हातात धरायची प्लास्टिकची पिशवी ज्यानं केली त्या स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलीन यांनाही, त्यांचा मुलगा सांगतो, ती फेकायला नको होती. कागदासाठी झाडं तुटू नयेत म्हणून लोकांनी तीच तीच वापरावी असं त्यांच्या मनात होतं. 1965 ची गोष्ट. ते स्वतः पिशवीची घडी खिशात ठेवत.

इडलीचं पीठ, दही, मटण हे सगळं आता डब्यात. मटणवाला पहिल्या रविवारी हसला, दुसऱ्या रविवारी डब्याचं वजन आधी करून काट्यावर शून्य केलं. दह्यासाठी खानापूरचं मडकं आणलं. त्यातल्या दह्याला पाणी सुटत नाही, हे माझ्या आईला माहीत होतं आणि मी विसरले होते. न्हाणीत पेटवणाला नारळाच्या शेंड्या. हे मुकाट्यानं सोलतात.

जमलं नाही ते असं. आत्तींच्या गोळ्या प्लास्टिकच्या पानातूनच येणार. त्यांना आता रात्री डायपर लागतो आणि त्यात किती प्लास्टिक असतं ते मला माहीत आहे. कापडाची दुपटी वापरून बघितली; त्यांच्या कातडीला जखम झाली, पुन्हा डायपर आणला. इथं मी दुसरा विचार करत नाही. मुलाची पाकिटं कमी झालीत, बंद झालेली नाहीत. तो एकवीस वर्षांचा आहे, त्याच्या मागं पोलिसासारखी फिरले तर तो बाहेर खाईल आणि पाकीट बाहेर टाकेल.

पण एकदा त्याला घेऊन कणकुंबीला गेले होते, माउलीच्या देवळात. मलप्रभा तिथं उगम पावते. याच खानापूर तालुक्यात म्हादईही उगम पावते. मलप्रभा पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते, म्हादई पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्रात. देवळाच्या वाटेवर ओटीच्या, अगरबत्तीच्या, लाह्यांच्या पिशव्या पडलेल्या होत्या. मुलगा बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आई, इथनं कुठं पण टाकलं तरी समुद्रातच जाणार की." आणि खाली वाकून वेचायला लागला. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. परत येताना गाडीच्या डिकीत एक गच्च पोतं होतं, आणि ते घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न घरी येईपर्यंत दोघांच्याही डोक्यात होता.

शेतातली ती पिशवी मी बांधावर टाकली नाही, घरी आणली. गाठ सोडवायला सुई लागली. आतून बाहेरून धुतली. परड्यातली दोरी आता पुन्हा भरलेली असते, दुधाच्या पिशव्या फडफडत असतात, त्यांच्याच रांगेत तीही अडकवली.

आत्तींना दुपारी उन्हाला परड्यात खुर्चीवर बसवते. त्यांना हल्ली पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. मुलाला त्या कधी कधी ह्यांच्या नावानं हाक मारतात. त्या दिवशी दोरीकडे बघत बसल्या होत्या. मग हात पुढं केला. मी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक आकडा पुटपुटत नंबर वाचला, सहाही आकडे.

"तुझ्या बस्त्याची गे ही," म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. त्यांनी मांडीवर पिशवी पसरली, तळहातानं सुरकुत्या काढल्या, चौकोनी घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि माझ्यापुढं धरली.

"चांगली हाय अजून. ठेव, कामाला येईल."